अर्जातले दहा रकाने

मी नाशिकमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमची मुलं बारावीनंतर सीईटी देतात, जेईई-नीट देतात, फार तर पुण्या-मुंबईला जातात. बारावी होताच पदवीसाठी थेट अमेरिकेला अर्ज करणारं मूल आमच्याकडे क्वचितच असतं. त्यामुळे कॉलेजात काउन्सेलर असं पदच नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांना मात्र अर्जासोबत काउन्सेलरचं पत्र, गुणपत्रकं आणि कॉलेजची माहिती लागते. काउन्सेलर नसेल तर प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेला शिक्षक हे काम करू शकतो. आमच्या प्राचार्यांनी ते माझ्यावर सोपवलं, कारण मुलगी माझ्या वर्गातली होती. जे घडलं ते तिला आणि तिच्या वडिलांना विचारूनच लिहिते आहे. नावं देत नाही.

मुलीच्या वडिलांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे, छोटं पॅकहाउस आहे. माल युरोपात जातो. अकरावी-बारावीसाठी मुलगी नाशिकला मामाकडे राहत होती. हुशार, पण स्वतःहून फार न बोलणारी.

सप्टेंबरच्या शेवटी वडील फाइल घेऊन स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, सगळं तयार आहे. फक्त तुमचं तेवढं राहिलंय," म्हणाले. एका सल्लागार संस्थेला त्यांनी चांगली मोठी रक्कम भरली होती. फाइलमध्ये माझ्या नावाने लिहिलेलं इंग्रजी पत्रही तयार होतं. संस्थेच्या माणसाचा नंतर मला फोन आला. तुमच्या नावाचा एक ईमेल आम्हीच काढतो, पत्र आम्हीच चढवतो, तुम्हाला काही त्रास नाही, असं तो म्हणाला. मी सांगितलं, माझ्या नावाने काही जाणार असेल तर ते माझ्याच ईमेलवरून जाईल, आणि आधी मी ते वाचेन.

फाइल घरी आणून वाचली. अमेरिकेतली हजाराहून अधिक कॉलेजं 'कॉमन ॲप' नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. प्रत्येक रकान्यात तुमचं पद, संस्थेचं नाव आणि वर्णन लिहायचं. वर्णनाला जागा १५० अक्षरांची. शब्द नव्हेत, अक्षरं, मधली रिकामी जागाही त्यात धरून. शिवाय कोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही भरायचं.

मुलीचे दहाही रकाने भरलेले होते. आदिवासी मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेची संस्थापक-अध्यक्ष, आठवड्याला १५ तास. राष्ट्रीय पातळीची खो-खो खेळाडू, १२ तास. पिकांवरचे रोग कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखण्यावर शोधनिबंध, १० तास. मोबाइल ॲप, १० तास. भरतनाट्यम, ८. वादविवाद मंडळ, ६. उरलेले चार रकाने एक-दोन दिवसांच्या शिबिरांचे होते.

मी कागद घेऊन बेरीज केली. मोठ्या सहा उपक्रमांचे झाले ६१ तास. आठवड्याचे तास १६८. झोपेचे सात तास धरले तर ४९ गेले. कॉलेज आणि क्लास मिळून ४० तरी होतात. जाण्यायेण्याचे १० धरा. उरले ६९. त्यातून ६१ वजा केले की आठवड्याला आठ तास राहतात. जेवण, आंघोळ आणि बारावीचा सगळा अभ्यास त्या आठ तासांत. प्रवेश समितीतली माणसं असे अर्ज वर्षानुवर्षं वाचतात. ही बेरीज त्यांनाही येते.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर मुलीला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. एकेक ओळ वाचायची आणि यातलं खरं काय, एवढंच विचारायचं, असं ठरवलं होतं. रागवायचं नव्हतं. ती पटापट सांगत गेली, जणू कोणी विचारायचीच वाट पाहत होती. संस्था म्हणजे पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलेला एक रविवार. बॅनर, फोटो, सॅनिटरी पॅडचे बॉक्स, आणि संध्याकाळी परत. खो-खो ती दहावीपर्यंत खरंच खेळली होती, पण जिल्ह्यापर्यंत. शोधनिबंध पैसे भरून छापून आणलेला. "मॅडम, मला तो अर्धा समजतही नाही. पण सल्लागार सर म्हणाले, तिकडे कोणी विचारत नाही." भरतनाट्यम सातवीत सोडलेलं. वादविवाद मंडळ आमच्या कॉलेजात नाहीच, हे मला तिला विचारायचीही गरज नव्हती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. या यादीला दुजोरा देणार नाही, हे पक्कं होतं. पण माझ्या नकारामुळे मुलीचं वर्ष गेलं तर काय, हा विचार जात नव्हता. तिच्या वडिलांचा आमच्या संस्थेत शब्द चालतो, हेही डोक्यात होतं. प्राचार्यांना सकाळीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खरं असेल तेच लिहा, बाकी मी बघतो." तेवढ्याने बराच धीर आला.

वडिलांशी बोलणं अवघड गेलं. "मॅडम, सगळेच करतात. आमचीच पोरगी मागं राहील," हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. खोटं बोलावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना वाटत होतं की तिकडची पद्धतच अशी आहे, आणि पद्धत माहीत असणाऱ्या माणसाला आपण पैसे दिले आहेत. मी त्यांना अर्जाच्या शेवटचं प्रतिज्ञापत्र मराठीत वाचून दाखवलं. दिलेली सगळी माहिती खरी आहे, ती प्रामाणिकपणे मांडली आहे, आणि खोटी निघाली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो, कॉलेजातून काढलं जाऊ शकतं, मिळालेली पदवीसुद्धा परत घेतली जाऊ शकते, असं त्यात लिहिलेलं असतं. त्याखाली विद्यार्थ्याची सही असते, सल्लागाराची नव्हे.

तिकडे कोणी विचारत नाही, हेही खरं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रवेशांचा मोठा घोटाळा उघड झाला. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांच्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवत असे. ज्यांनी तो खेळ कधी खेळलाच नाही, त्यांचे बनावट फोटो आणि खेळातली खोटी कामगिरी तो तयार करायचा. २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. काही पालकही तुरुंगात गेले. खोटं किती वर्षांनी वर येईल याचाही नेम नसतो. एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मेरिली जोन्स यांना २००७ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण जवळपास २८ वर्षांपूर्वी तिथे नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या सांगितल्या होत्या. मुलांवरचा प्रवेशाचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी मोठं काम केलं होतं, आणि तरीही जावं लागलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा अर्ज वेगळा असतो. तिथे अर्ज भरल्यानंतर काही विद्यार्थ्यांची निवड करून लिहिलेल्या उपक्रमांचा पुरावा मागतात. पुरावा दिला नाही तर अर्ज रद्द.

वडील ऐकत होते, पण हलले ते वेगळ्याच गोष्टीने. २०२४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात भारतातून गेलेला एक मुलगा पकडला गेला. त्याने गुणपत्रकं बनावट जोडली होती, आणि शिष्यवृत्तीसाठी हयात वडिलांचा खोटा मृत्यूचा दाखला. त्याला अटक झाली, शिक्षण सुटलं, भारतात परत यावं लागलं. "जिवंत बापाचा?" एवढंच ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मग मुलगीच बोलली. "पप्पा, फवारणीची वही आपण खोटी लिहितो का? लिहिली तर कंटेनर तिकडे अडकतो ना?"

निर्यातीच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती. त्या वर्षी या भागात किती घरं कर्जात गेली, ते त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी बसून नवीन लिहा."

ती वही काय आहे, हे मी तिला विचारलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. तिच्या लेखी ते घरचं काम होतं, उपक्रम नव्हताच. पुढच्या सोमवारी ती वही घेऊन आली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कडेला औषधाचे पिवळे डाग. प्रत्येक पानावर तिच्या अक्षरात रकाने आखलेले. तारीख, प्लॉट क्रमांक, औषध, लिटरला मात्रा, फवारणी कोणी केली, आणि शेवटी काढणीआधी किती दिवस थांबायचं तो आकडा. एका ठिकाणी लाल शाईने गोल केलेला. मी विचारलं, तर म्हणाली, व्यापारी आठवडाभर आधी माल उतरवायला सांगत होता, पण त्या औषधाचे दिवस भरले नव्हते. तिने वडिलांना दाखवलं आणि तो प्लॉट थांबवला. नववीत असल्यापासून ती हे करत होती. निर्यातीच्या द्राक्षबागांसाठीच्या ग्रेपनेटवरच्या नोंदणीचे कागद, प्रयोगशाळेचा अवशेष तपासणीचा अहवाल, सगळं इंग्रजीत येतं. ते वाचून वडिलांना समजावून सांगणारी घरात ती एकटीच. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून मार्चमध्ये माल संपेपर्यंत शनिवारी दुपारी एसटीने घरी आणि सोमवारी पहाटे परत. हंगामात रिफ्रॅक्टोमीटरने साखर बघणं, क्रेट मोजणं, मजुरांचा हिशेब.

पैसे देऊन छापून आणलेला निबंध रोगांवरचा होता. या मुलीला करपा आणि डाऊनी हे रोग पानावरून ओळखता येतात, आणि तिच्या अर्जात ते कुठेच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं.

कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकार आहे. पगारी कामाचाही आहे. आपल्याकडच्या पालकांना हे बहुधा कोणी सांगत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजारी माणसाचं करणं, दुकानात बसणं, शेतातलं काम, हे सगळं तिथे लिहिता येतं. हार्वर्डच्या शिक्षण विभागाने २०१६ साली एक अहवाल काढला. घरच्या जबाबदाऱ्यांना प्रवेशात मान द्यावा आणि उपक्रम मोजके पण मनापासून केलेले असावेत, असं त्यात म्हटलं आहे. अनेक कॉलेजांच्या प्रवेशप्रमुखांनी त्याला पाठिंबा दिला. एमआयटी तर स्वतःच्या अर्जात जास्तीत जास्त चारच उपक्रम विचारते.

आम्ही दोघी बरेच दिवस कॉलेज सुटल्यावर बसलो. १५० अक्षरांत खरं लिहायला वेळ लागतो. सल्लागाराच्या यादीत 'शाश्वत शेतीतून ग्रामीण परिवर्तन घडवण्यासाठी नेतृत्व' अशा धाटणीची वाक्यं होती. तिनेही सुरुवातीला तसंच काहीतरी लिहिलं. मी प्रत्येक शब्दावर विचारलं, म्हणजे हाताने काय केलंस? शेवटी वाक्य उरलं ते असं: फवारणीची नोंद ठेवते, काढणीआधीचे दिवस तपासते, निर्यातीचे इंग्रजी कागद वाचते, हंगामात क्रेट आणि मजुरी मोजते. तास लिहिताना तिला १५ लिहायचे होते. आम्ही मागच्या हंगामाचा एक आठवडा दिवसागणिक मांडला. सरासरी नऊ आले. नऊच लिहिले. आठवडे २६.

दुसऱ्या रकान्यात मामाच्या मुलांचा रोजचा अभ्यास घेणं. तिसऱ्यात खो-खो, इयत्ता नववी-दहावी, जिल्हास्तर. मग गावच्या गणेशोत्सवातलं ढोलपथक, कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प, आणि सुट्टीत पॅकहाउसमधल्या बायकांना मोबाइलवरून बँकेचे व्यवहार शिकवणं. हे शेवटचं तर तिने बोलता बोलता सहज सांगितलं होतं. इंटरमिजिएट ड्रॉइंगमधली ए ग्रेड बक्षिसांच्या वेगळ्या रकान्यात गेली. सहा रकाने भरले, चार रिकामे राहिले. वडिलांना त्या रिकाम्या जागा फार खुपत होत्या. खरं सांगायचं तर मलाही खुपत होत्या.

पत्रात आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात मी स्पष्ट लिहिलं की आमच्याकडे वादविवाद मंडळ नाही, संशोधनाची सोय नाही, क्लब नाहीत. हे लिहिणं कमीपणाचं नाही. मूल कुठल्या परिस्थितीतून आलं आहे, तिथे काय उपलब्ध होतं, हे पाहूनच प्रवेश समितीतली मंडळी अर्ज वाचतात. जे कॉलेजात नव्हतं ते मुलीने का केलं नाही, असं मग कोणी विचारत नाही.

एवढं होईपर्यंत दिवाळी उलटून गेली. आणि मग खरी अडचण समोर आली. अर्जाचं खातं सल्लागार संस्थेने त्यांच्याच ईमेलवर उघडलं होतं. पासवर्ड मुलीकडे नव्हता. वडिलांनी खूप पाठपुरावा केल्यावर तो मिळाला. आत जाऊन पाहिलं तर एका कॉलेजचा अर्ज जुन्याच यादीसह गेलेला होता, लवकरच्या मुदतीत, १ नोव्हेंबरच्या आधी. प्रतिज्ञापत्राखाली मुलीचं नाव टाइप केलेलं. तिने ते केलं नव्हतं.

मुलगी खूप रडली. वडील संस्थेत जाऊन भांडले. पैसे परत मिळाले नाहीत, आणि फोन उचलणंही बंद झालं. त्यात आम्ही फार वेळ घालवला नाही. आधी ईमेल आणि पासवर्ड बदलला. कॉमन ॲपमध्ये एका कॉलेजला अर्ज गेला तरी पुढच्या कॉलेजांसाठी माहिती बदलता येते. त्यामुळे बाकीचे अर्ज बचावले. गेलेला अर्ज मात्र मागे घेऊन दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी त्या कॉलेजच्या प्रवेश विभागाला लिहावं लागतं.

ते पत्र मुलीनेच लिहिलं. लांबण न लावता. माझ्या नावाने गेलेल्या अर्जातली उपक्रमांची यादी बरोबर नाही, अर्ज मी पाहण्याआधी पाठवला गेला, खरी यादी सोबत जोडली आहे. सल्लागारावर ठपका ठेवणारं एक वाक्य तिने लिहून नंतर खोडलं. मी काउन्सेलर म्हणून माझ्या ईमेलवरून वेगळं पत्र पाठवलं आणि नवी यादी मी तपासली असल्याचं कळवलं. काही दिवसांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, तुमच्या अर्जात नोंद केली आहे. बाकी काही नाही. मधल्या दिवसांत मुलीचं अभ्यासात आणि माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं, हे कबूल करते.

डिसेंबरअखेर बाकीचे अर्ज गेले. फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याने व्हिडिओवर मुलाखत घेतली. त्याने यादीतली पहिली ओळ वाचून विचारलं, काढणीआधीचे दिवस म्हणजे काय? मुलाखतीचा बहुतेक वेळ त्यातच गेला. वर्गात कधी हात वर न करणारी ही मुलगी अवकाळी पाऊस, घडकूज, रातोरात करावी लागणारी फवारणी, सगळं सांगत सुटली होती, असं मामी म्हणाल्या. जुनी यादी असती आणि त्याने शोधनिबंधाबद्दल विचारलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

मार्चअखेर निकाल आले. जिथे दुरुस्तीचं पत्र पाठवलं होतं त्या कॉलेजने नाकारलं. मोठ्या नावाच्या बाकी कॉलेजांनीही नाकारलं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यातल्या एका ठिकाणी चांगल्या शिष्यवृत्तीसह. ती आता तिथे वनस्पतिशास्त्र शिकते आहे. खरं लिहिलं म्हणून प्रवेश मिळाला, असं मी म्हणणार नाही. नकार कशामुळे आले तेही कॉलेजं सांगत नाहीत. एवढं खरं की तिच्या अर्जातली कोणतीही ओळ कोणी कधीही विचारली तरी तिला उत्तर देता येतं.

तेव्हापासून असं काम माझ्याकडे आलं की पहिल्या भेटीत मी विचारते, अर्जाचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे. पालकांनी हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. सल्लागार घ्यायला हरकत नाही, मुदती आणि कागदपत्रं यांत त्यांची मदत होते. पण सही करून अर्ज पाठवायचं बटण मुलाने स्वतः दाबलं पाहिजे. नववीपासून एखाद्या वहीत मूल काय करतं, आठवड्याला किती वेळ करतं, हे महिन्यातून एकदा लिहून ठेवलं तर बारावीत आठवावं लागत नाही, आणि वाढवून लिहायची वेळही येत नाही. घरचं काम त्या वहीत जरूर लिहा.

आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती आहे. दुसऱ्या कोणी तुमच्या नावाने लिहिलेलं पत्र आलं, तर ते बाजूला ठेवा, मुलाला समोर बसवा आणि तासांची बेरीज करून मगच सही करा.